डिपॉझिट भरायच्या आधी हप्ता मोजून बघ

*काकू, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय २४. नागपूरच्याच एका कॉलेजातून सिव्हिलमध्ये बी.टेक. केलं, सीजीपीए ७.६. दीड वर्षापासून एका छोट्या कन्सल्टन्सीत आहे, पगार २४ हजार. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची ड्रॉइंग आणि एस्टिमेट करते, साइटवरही जाते. याच विषयात बाहेर जाऊन मास्टर्स करायचं मनात आहे.*

*धरमपेठेतल्या एका एजन्सीत गेले. त्यांनी तासाभरात इंग्लंडची पाच विद्यापीठं काढून दिली. सर्व्हिस फुकट. आठवड्याभरात दोन ऑफर आल्या. त्यातल्या एकात 'एमएससी एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट' आहे, फी २२ हजार पाउंड. चार हजार पाउंड डिपॉझिट याच महिन्यात भरा, नाहीतर सीट जाईल, असं एजन्सीवाले म्हणतात. राहण्या-खाण्यासकट ३८ लाख लागतील. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, दोन वर्षांनी रिटायर होतील. काटोलजवळ चार एकर संत्र्याची बाग आहे, ती गहाण ठेवून ३० लाख कर्ज काढू आणि बाकीचे मी घालतो, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणते, तेवढ्यात लग्न होऊन जाईल. मैत्रिणी जर्मनीला चालल्या आहेत, तिथे शिक्षण फुकट आहे म्हणतात. आत्याचा मुलगा कॅनडात आहे, तो म्हणतो इकडे येऊच नको. रँकिंग बघायचं, देश बघायचा की नोकरी? आणि डिपॉझिट भरू का? कोर्सच्या विषयांची यादी आणि एजन्सीने लिहून दिलेलं एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारं निवेदन) सोबत जोडलं आहे.*

*— गोंधळलेली, मानेवाडा*

बेटा, डिपॉझिट भरू नकोस. या महिन्यात तर नाहीच.

आधी ऑफर लेटर स्वतः नीट वाच. एजन्सीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो नाही, विद्यापीठाकडून आलेला मूळ मेल. तारीख त्यात काय आहे ते बघ. पुष्कळदा एजन्सीची 'शेवटची तारीख' आणि विद्यापीठाची शेवटची तारीख यांच्यात बरंच अंतर असतं. मेल तुझ्या नावाने आलाच नसेल, एजन्सीने स्वतःचाच मेल आयडी टाकून अर्ज भरला असेल, तर ते आजच दुरुस्त करून घे. मग प्रवेश विभागाला सरळ लिही: मला निर्णयाला आणखी वेळ हवा आहे, पुढच्या वर्षीसाठी ऑफर लांबवता येईल का? यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांना असे मेल रोज येतात. आणि डिपॉझिट परत कधी मिळतं ते अटींमध्ये शोध. बहुधा व्हिसा नाकारला तर मिळतं, तुझं मन बदललं तर नाही. चार हजार पाउंड म्हणजे तुझा दीड वर्षाचा पगार आहे.

एजन्सीबद्दल मला राग नाही. तिथली पोरं मेहनती असतात, फॉर्म नीट भरून देतात. पण तुला फुकट आहे म्हणजे पैसे दुसरं कुणीतरी देतंय. तू फी भरलीस की विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या फीवर टक्केवारी देतं. लग्नातला मध्यस्थ आपल्या वहीत आहेत तीच स्थळं दाखवतो, तसं हे आहे. वहीबाहेरचं चांगलं स्थळ तो सांगणार नाही, आणि त्याने का सांगावं? जर्मनीची सरकारी विद्यापीठं असलं कमिशन देत नाहीत, म्हणून ती तुझ्या यादीत आली नाहीत. एखाद्याने ती दाखवलीच, तर त्याच्या 'पॅकेज'चे पैसे तुझ्याकडून घेतो.

आता मुद्द्यावर येते. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर नोकरीचा मोठा काळ काढला. परदेशी शिक्षणाची कर्जं मंजूर केली, आणि नंतर त्याच घरी वसुलीचे फोनही केले. त्यावरून माझं एकच ठाम मत झालं आहे. विद्यापीठ निवडताना असं धरून चालायचं की शिकून आपण परत नागपूरला येणार आहोत आणि इथल्या पगारात हप्ता भरणार आहोत. तेवढ्यात जे बसतं त्यातलं उत्तम विद्यापीठ घ्यायचं. तिकडे नोकरी लागली तर आनंदच आहे, कर्ज लवकर फिटेल. पण तिकडची नोकरी हिशोबात धरून कर्ज काढायचं नाही.

तुझाच हिशोब करू. ३० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के धर. कोर्सचं एक वर्ष आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं: वर्षाला तीन लाखांच्या वर. पहिला हप्ता येईपर्यंत ३० चे ३६ लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ४८ हजार ५००. पंधरा वर्षं घेतलीस तर हप्ता ४० हजारांच्या जरासा खाली येतो, पण एकूण भरणा ७१ लाखांच्या पुढे जातो. आता सांग, परदेशी मास्टर्स घेऊन आलीस तर नागपुरात तुला सुरुवातीला किती मिळतील? हात सैल सोडून मी ४५ ते ५० हजार म्हणते. म्हणजे सगळा पगार हप्त्यात गेला, वर चहाचे पैसे बाबांकडे मागायचे.

'पण काकू, तिकडे राहिले तर?' हे मी टेबलावर इतक्यांदा ऐकलंय. तिकडचे नियम आपल्या हातात नसतात आणि मूल वर्गात बसलेलं असताना ते बदलतात. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून त्यासाठी अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. त्यानंतर तिथे टिकायचं तर कंपनीने कुशल कामगाराच्या व्हिसावर घ्यावं लागतं, आणि त्यासाठीची किमान पगाराची साधारण अट २०२५ च्या जुलैत वर्षाला ४१ हजार ७०० पाउंडांवर नेली. नवशिक्यांना थोडी सूट आहे, तरी रक्कम मोठीच आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला भारतीयांच्या सोयीची जलद व्हिसा योजना एका फटक्यात बंद केली. तुझा आतेभाऊ 'येऊ नको' म्हणतो ते मत्सराने नाही म्हणत. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावायचा हुकूम निघाला. यातलं काही उद्या सैलही होईल. पण बँकेचा हप्ता त्यावर थांबत नाही.

बागेचं बाबांना सांग की ती तशीही चालणार नाही. शिक्षण कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, सातबारा कितीही कोरा असो. त्यांना घर, फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. म्हणजे शेवटी मानेवाड्याच्या घरावर येणार. त्या भागातली बरीच घरं जुन्या लेआउटमधल्या प्लॉटवर आहेत, तेव्हा बँकेचा वकील पहिला प्रश्न विचारेल: आरएल आहे का? नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र, विक्रीपत्र, मंजूर नकाशा, घरटॅक्सची पावती. नकाशा एका मजल्याचा आणि घर दोन मजल्यांचं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे, आणि त्यात कर्ज अडकतं. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. खाजगी फायनान्सवाले तारणाशिवायही देतात, पण त्यांचा दर बघून मग सही कर.

आणि बाबांची ग्रॅच्युइटी. तिला हात लावू नका. तुझे बाबा दोन वर्षांत निवृत्त होतात, म्हणजे बहुधा २००५ च्या आधी लागलेले, जुनी पेन्शन मिळेल. तरीही कर्जावर सहअर्जदार तेच असतील. तुझा पहिला हप्ता आणि त्यांची पहिली पेन्शन एकाच सुमाराला येणार, याचा त्यांनी विचार केलाय का ते विचार. शिक्षक माणूस मुलीसाठी हो म्हणून टाकतो. तू त्यांना कागदावर आकडे मांडून दाखव.

आता मैत्रिणींचं 'फुकट' जर्मनी. अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्राला शंभर ते चारशे युरोंची वर्गणी असते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच बसचा पास येतो. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. कोर्सप्रमाणे ती सत्राला दोन ते सहा हजार युरो. आणि राहणं-खाणं फुकट नाहीच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी १२ लाख, आणि आज तो शंभरात मिळत नाही. दोन वर्षांचा कोर्स, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरात गेलीसच.

मग फरक काय राहिला? हा की ते पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ युरो करून तुला परत मिळतात. दुसरं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. पहिल्या सत्रात काम शोधू नकोस, पण नंतर विभागातच प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलीस तर दुसऱ्या वर्षाचा मोठा भाग निघतो. त्यामुळे सगळं मिळून १८ लाखांच्या कर्जात हे बसू शकतं. दोन वर्षं कोर्सची आणि एक सवलतीचं धरून हप्ता ३१-३२ हजारांच्या आसपास येतो. जड आहे, पण नागपूरच्या पगारात श्वास घेता येतो.

मी जर्मनीची वकिली करतेय असं समजू नकोस. तुझ्या विषयाची एक अडचण तुला कुणी सांगितली नसेल. सॉफ्टवेअरवाल्याचं इंग्रजीवर भागतं. सांडपाण्याचं काम म्हणजे तिथली नगरपालिका, तिथला ठेकेदार, तिथले नियम, सगळं जर्मनमध्ये. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरीसाठी बी-वन, खरं तर बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा लागेल. आत्तापासून संध्याकाळचा क्लास लाव. परीक्षेला पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी जा. दोन महिन्यांनी भाषेचा कंटाळा आला तर तेही कळलं, आणि स्वस्तात कळलं.

तुझ्या मार्कांचंही बघू. जर्मन विद्यापीठं आपला ग्रेड त्यांच्या मापात बदलतात. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्यातल्या फरकाने भाग, तीनने गुण, एक मिळव. तुझे ७.६. तुमच्याकडे पास व्हायला किमान ४ ग्रेड पॉइंट लागत असतील तर येतात २.२. किमान ५ असेल तर २.४४. बरेच विभाग २.५ ची रेषा ठेवतात, तेव्हा दोन्हीकडे तू आत आहेस, पण काठावर आणि आत यात फरक आहे. तुमचा किमान ग्रेड पॉइंट किती ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घे. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करशील तेव्हाच हेही माग, दोनदा खेटे नकोत. नंतर एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी कागदपत्रांच्या पडताळणीचं हे प्रमाणपत्र लागतं, फी १८ हजार रुपये. ते हातात यायला वेळ लागतो, आणि काही विभाग प्रवेश अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद करतात.

आता तुझ्या पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली ती तू ओझरती लिहिलीस: दीड वर्षाचा अनुभव. आणखी सहा महिन्यांनी तो दोन वर्षांचा होतो, आणि दोन वर्षांवर दारं उघडतात. जर्मनीच्या डीएएडी संस्थेची विकसनशील देशांतल्या पदवीधरांसाठी 'एपॉस' नावाची शिष्यवृत्ती आहे. तिला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ती ठरावीक कोर्सेसनाच मिळते, त्यांची यादी दरवर्षी निघते, आणि पाण्याचे कोर्स त्या यादीत असतात. श्टुटगार्ट विद्यापीठाचा 'वारेम' हा जलसंपदा अभियांत्रिकीचा इंग्रजी कोर्स तिथे बघ. इंग्लंडलाच जायचं असेल तर चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे: दोन वर्षांचा म्हणजे २८०० तासांचा अनुभव, एक वर्षाचं मास्टर्स, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत यायची अट. ती अट तुला आड येईल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही. युरोपातल्या दोन-तीन विद्यापीठांत मिळून होणारे इरास्मुस मुंडुस कोर्स आहेत. त्यांच्या शिष्यवृत्तीत फी माफ आणि महिन्याला १४०० युरो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देतं. यातली एकही हमखास नाही. अर्ज ढिगाने येतात. पण यंदा घाईने गेलीस तर यातल्या बहुतेकांवर तू पाणी सोडशील.

सरकारी योजनांबद्दल: तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथीची आहे, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या आहेत. पण बहुतेकींत घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, आणि निवृत्तीला आलेल्या शिक्षकाचा पगार बहुधा ती रेषा ओलांडतो. उत्पन्नाचा दाखला आधी काढ, मग आशा लाव.

रँकिंगचा खरा उपयोग इथेच आहे. या योजना क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या यादीत विद्यापीठ कितव्या क्रमांकाच्या आत आहे ते बघतात, म्हणून तू बघायचं. त्यापलीकडे त्याला डोक्यावर घेऊ नकोस. क्यूएसच्या गुणांत ३० टक्के प्राध्यापकांच्या आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतचाचणीवर असतात. सगळ्या विद्यापीठाचं मिळून नाव किती मोठं, एवढं त्यातून कळतं. तिथल्या सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत पायलट प्लांट चालू आहे की धूळ खात पडलाय, हे त्यातून कळत नाही.

ते कळतं विषयांच्या यादीतून. तू पाठवलेली मी चष्मा लावून वाचली. मी सिव्हिलची नाही, पण ड्रॉइंगशिवाय एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, उभा राहत नाही एवढं कर्जाच्या फायली वाचून कळतं. तुझ्या त्या ऑफरमधल्या कोर्सला पर्यावरण कायदा आहे, धोरण आहे, हवामान बदल आहे, प्रकल्प व्यवस्थापन आहे, संशोधन पद्धती आहे. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करायची पद्धत, कुठे आहे? रिअ‍ॅक्टर डिझाइन, हायड्रॉलिक्स, पाण्याच्या तपासणीची लॅब? एकही नाही. तो कोर्स वाईट नाही, तुझा नाही. इंग्लंडमध्ये तुझा कोर्स नाही असंही नाही. क्रॅनफिल्डचा पाणी आणि सांडपाणी अभियांत्रिकीचा कोर्स या धंद्यात नावाजलेला आहे. तो एजन्सीच्या पाचांत का नव्हता, हे त्यांना विचार, उत्तर मला कळव. तसंच इंग्लंडच्या सिव्हिल कोर्सना जॉइंट बोर्ड ऑफ मॉडरेटर्सची मान्यता असते. तुझ्या कोर्सला ती आहे का, हे त्यांच्या यादीत पाच मिनिटांत दिसतं. नेदरलँड्सचं आयएचई डेल्फ्ट तर पाण्याच्या शिक्षणासाठीच १९५७ पासून चालतं. फी जास्त आहे, शिष्यवृत्तीशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. बँकॉकजवळचं एआयटीही बघ. थायलंड म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात, पण आशियातले पाण्याचे कितीतरी अभियंते तिथून निघालेत.

विभाग कसा शोधायचा ते सांगते. मानेवाड्याहून नीरी तुला किती लांब आहे? पर्यावरण अभियांत्रिकीतली देशाची मुख्य संस्था आपल्या गावात बसलीय आणि आपली पोरं सल्ला घ्यायला धरमपेठेत जातात. नीरीतल्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यावर लिहिलेले गेल्या चार-पाच वर्षांतले शोधनिबंध नेटवर काढ. सोबत परदेशातले कोण लेखक आहेत, कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या विभागातले, ते लिहून घे. दहा-बारा निबंधांत काही नावं पुन्हा पुन्हा येतील. ती तुझी यादी. मग त्या विभागांच्या कोर्सचं पूर्ण विषयपुस्तक उतरवून घे आणि तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली भारतीय मुलं लिंक्डइनवर शोध. सध्या शिकणाऱ्यांपेक्षा ती बरी. सध्याची मुलं भारावलेली तरी असतात नाहीतर रडवेली. 'कसं आहे तिथे?' असं विचारू नकोस. विचार: पहिली नोकरी लागायला किती महिने गेले, मुलाखत कुठल्या भाषेत झाली, प्रबंधाला मार्गदर्शक कसा मिळाला, खोलीचं भाडं किती.

एसओपीबद्दल. एजन्सीने लिहून दिलेल्याची पहिली ओळ आहे की तुला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे. फाडून टाक. त्यापेक्षा तुझ्याच मेलमध्ये खाली एक किस्सा होता, वर्धा रोडवरच्या टाउनशिपच्या एसटीपीचा. पहिल्या मोठ्या पावसात गच्चीवरचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरलं, आवक दुपटीवर गेली, टाकीतला गाळ वाहून बाहेर पडला, आणि तू ऑपरेटरसोबत उभं राहून सेटलिंगचं भांडं दर अर्ध्या तासाने बघत होतीस. नंतर एस्टिमेटमध्ये तू आवक सावरून घेणारी समतोल टाकी मोठी धरलीस आणि साहेबांनी खर्च वाढतो म्हणून ती कापली. हे लिही. आणि तुझं गाव सांग: ज्या नागपूरचं भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्या शहरातून तू येतेस. प्रवेश समितीतल्या प्राध्यापकाला यात वाचण्यासारखं काहीतरी मिळेल.

पुढे सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी मनात असेल तर अजून एक. परदेशी पदवीला आपल्याकडे समकक्षता घ्यावी लागते. इंग्लंडचं एक वर्षाचं मास्टर्स मान्य करायचा करार जुलै २०२२ मध्ये झाला, त्याची बातमी सगळ्या एजन्स्या भिंतीवर लावतात. त्या करारातून अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा असल्या व्यावसायिक पदव्या वगळलेल्या आहेत, हे भिंतीवर नसतं.

एम.टेक.च्या 'गेट' प्रवेश परीक्षेचा कुणी उल्लेखच केला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. आयआयटीत किंवा आपल्याच व्हीएनआयटीत एम.टेक., वर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन. बाहेरच जायचं असेल तर तिथून पीएचडीला जाता येतं, आणि पीएचडीला बऱ्याच ठिकाणी पगार मिळतो. तुला आता परत परीक्षेचा कंटाळा असेल, कबूल. पण फॉर्म भरायला काय जातं?

आईचं लग्नाचं म्हणणं मी टाळून जात नाही. त्यांना सांग की तू यंदा जात नाहीयेस, तेवढ्यानेच घरातली हवा थंड होईल. स्थळ बघायचं तर बघा, पण मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत सांगा की मुलगी दोन वर्षं शिकायला जाणार आहे. ज्यांना चालत नाही ते आपोआप गळतील, आईचेही कष्ट वाचतील.

या आठवड्यात एक काम मात्र कर. दहावीची सनद, बी.टेक.च्या गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट समोरासमोर ठेव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, कधी वडिलांचं नाव गायब, कधी 'व्ही' च्या जागी 'डब्ल्यू'. पडताळणीवाले, बँक आणि व्हिसा खिडकी तिघंही यावर अडवतात. क्रमाचाच फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंगचा असेल तर दुरुस्तीला महिने जातात, म्हणून ते ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकायच्या आधी उरकून घे.